खडूची खूण

एकतीस वर्षं उद्यमबागेत
कास्टिंगवर हातोडी मारत आलो.
पंपाची बॉडी, गिअरचं घर, ट्रॅक्टरचं ब्रॅकेट,
काहीही येऊ दे साच्यातून सुटून, थंड होऊन,
कान जवळ न्यायचा आणि एकच टोला.
खणखणीत वाजलं की खडूनं बरोबरची खूण.
बद्द वाजलं की बाजूला.
आत पोकळ असलं तर लोखंड लपवत नाही.

हाडं लपवतात.

कंबर धरली तेव्हा मालू म्हणाली,
वाकून वाकून धरली की.
मीही मान डोलावली आणि बाम लावला, आठ महिने.

आधी चुगली केली ती काचपट्टीनं.
तांबड्या पेशी एकमेकींना बिलगून उभ्या,
कँटीनच्या गल्ल्यावर रचतात तशी नाण्यांची चळत.
ईएसआर एकशे अठरा. हिमोग्लोबिन आठ.
मग डॉक्टर अंकलगींनी एक आलेख पुढ्यात सरकवला.
डावीकडचं उंच शिखर सगळ्यांनाच असतं, म्हणाले,
नंतर बारके उंचवटे,
आणि शेवटी असावा वाळूच्या ढिगासारखा बसका उतार.
तुमच्या उतारावर बघा.

उतारावर खिळा उभा होता.

एम प्रोटीन, तीन पॉइंट आठ.
एम म्हणजे मोनाप्पाच की, मी म्हणालो.
ते हसले नाहीत. समजावत राहिले:
मज्जेतली एकच पेशी बिघडते,
स्वतःच्याच नकला काढत सुटते,
आणि सगळ्या मिळून एकच प्रथिन ओततात.
ते मला कळलं. कुणीही ऑर्डर न दिलेला माल,
एकाच पॅटर्नवरून, रात्रपाळी दिवसपाळी,
आणि गोदाम म्हणून माझं रक्त.

तेव्हापासून दर महिन्याला दानेश्वरी.
मुष्टी माडी, म्हणते, मी मूठ आवळतो.
जांभळ्या टोपणाची एक नळी, पिवळ्या टोपणाच्या दोन.
स्वल्प नोव्वु, अजोबा.
तिला मराठी येतं, मला कन्नड येतं,
तरी सुई टोचताना जो तो आपापल्या भाषेत बोलतो.
कॅल्शियम, क्रिएटिनिन इथंच होतं संध्याकाळपर्यंत.
कप्पा आणि लॅम्डाची नळी मात्र
थंड डब्यात बसून रात्री मुंबईला जाते.
कोगनोळीच्या नाक्यावर
तिला कुणी विचारत नाही, तू कुठली.
या जिल्ह्यात साठ वर्षं काढलेल्या माणसाला
हे जरा लागतं.

तीन पॉइंट आठ.
दोन पॉइंट एक, तेव्हा केस गेले नव्हते, चव गेली होती.
पॉइंट नऊ. मालूनं शेजारी पेढे वाटले,
मी नको म्हणत असताना.
पॉइंट चार.
मग परवा छापून आलं: आढळले नाही.

मालूनं कागद देवापुढं ठेवला.
थोरल्याचा पुण्याहून फोन, आता सुटलात म्हणून.
मी होय होय म्हटलं.
पण मी ती खूण केलेला माणूस आहे.
एकदा एक पंपाची बॉडी मी टोला मारून पास केली होती,
वाजली होती देवळातल्या घंटेसारखी.
सहा महिन्यांनी कोल्हापूरहून परत आली, फुटून.
आत वाटाण्याएवढी पोकळी.
मालक रागावले नाहीत. नुसती माझ्या टेबलावर ठेवून गेले.
कडेला माझी खूण अजून दिसत होती, पुसट.

म्हणून, आढळले नाही म्हणजे नाही, असं नव्हे.
आढळले नाही म्हणजे, ठोकणाऱ्याला ऐकू आलं नाही.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
डॉक्टरांना ठाऊक असणार,
त्यांनी पुढची तारीख लिहून दिलीच आहे, दोन महिन्यांनी,
पुन्हा तीन नळ्या.

रात्री उठून बसतो.
वडगावातले माग एवढ्यातच थांबलेले असतात.
पाय जवळ घेतो, नडगीवर बोटाच्या पेरानं
एक टोला, अगदी हळू,
आणि कान लावून राहतो.

झोपा की आता, मालू अंधारातून म्हणते,
काय ठोकत बसलाय.